खालच्या पट्टीतला गाळवाला

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, मेलाय.

गावाच्या उतरणीला, जिथे सगळ्या घरांची गटारं येऊन साचतात, तिथे एक माणूस काठावर पालथा पडला होता. पाय गवतात, डोकं पाण्यावर. ती खालची पट्टी माझी. म्हणजे तिथे मेलेला माणूससुद्धा माझ्याच डोक्याला ताप. मी हातातल्या काठीनं त्याच्या पोटरीला ढोसलं.

“मेलात की जिवंत आहात?”

“जरा थांबा,” तो जागचा हलला नाही. “वास घेतोय.”

“कसला?”

“तुमच्या गावाचा.” मग तो उठून बसला. कानांजवळ पिकलेले केस, रुंद हात आणि नाकाच्या शेंड्याला चिखल. “साबण फार वापरता. तेलकटही बरंच आहे. आणि आज सकाळी कोणीतरी नासलेलं दूध ओतलंय.”

“आमच्या सुनेनं,” मी बोलून गेले. मग रागच आला. त्याचा नाही, माझा. घरातली गोष्ट मी अशी कोणालाही सांगत नाही.

तो हसला... आधी डोळ्यांनी, मग ओठांनी. असं हसणारी माणसं मला आवडत नाहीत. त्यांच्यावर धड चिडता येत नाही.

त्याला गावाच्या पाणी समितीनं बोलावलं होतं. गावाचं सांडपाणी तसंच नदीत जात होतं, ते आधी स्वच्छ करायचं. त्यासाठी एक टाकी बांधायची, टाकीपुढे खडीचा मोठा वाफा करायचा, आणि त्या खडीत कर्दळ आणि बोरूचं गवत लावायचं. जागा ठरली होती, माझी पट्टी. समितीचा अध्यक्ष कोण, तर माझा थोरला. त्यानं मला विचारलं का? छे.

“अध्यक्ष म्हणाले, जमीन घरचीच आहे,” तो म्हणाला.

“घरची म्हणजे माझी. इथे माझे भाजीचे वाफे होते. नवरा गेल्यावर पोरं यावरच वाढवली. मग गावात नळ आले, घरोघरी संडास आले, आणि सगळ्यांनी आपापलं पाणी उताराला सोडून दिलं. उतार कुठे संपतो ते कोणी बघितलं नाही.”

“मग खणायचं तर विचारायचं कोणाला?”

“मला.”

त्यानं बाहीनं नाक पुसलं, चिखल गालभर पसरवला आणि सरळ उभा राहिला. “मालकीणबाई, तुमच्या जमिनीत खड्डा खणू का?”

पोरींनो, तुम्हाला कोणी फुलं देतं, कोणी मोबाइलवर लाल बदाम पाठवतं. मला एका माणसानं खड्ड्याची परवानगी मागितली. पण मागितली. आमच्या घरात तेवढंही कोणी करत नव्हतं.

“खणा,” मी म्हटलं. “पण मी रोज येऊन बघणार. काम वाकडं झालं तर तुम्हालाच त्यात पुरीन.”

“रोज याल ना... नक्की?”

मी काठी आपटली आणि निघाले. पाठीमागे तो हसतोय हे मला न बघता कळत होतं.

गावानं त्याचं नाव ठेवलं गाळवाला. दिवसभर हातात लांब बांबू, तो बांबू टाकीत घालून ढवळायचा, बाहेर काढायचा, त्याला चिकटलेला गाळ बोटांत चोळून बघायचा. बायका नाकाला ओढणी लावून जायच्या. मी स्टूल घेऊन जायचे. वारा ज्या बाजूनं असेल त्या बाजूला स्टूल टाकायचं आणि तिथून चुका काढायच्या. ही वीट तिरकी, तो पाइप वर आलाय, एवढी बारीक खडी कशाला. तो प्रत्येक चुकीवर “बरोबर” म्हणायचा आणि आपल्याच मनासारखं करायचा. निदान तोंडावर भांडायचा तरी नाही, असं म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे.

“ही खडी नुसती गाळणी नाही,” एकदा त्यानं सांगितलं. “हिच्यावर जिवाणू बसतात. डोळ्यांना दिसत नाहीत. आपण जे सोडतो ते ते खातात, म्हणून पाणी साफ होतं. माझे खरे मजूर तेच.”

“म्हणजे माझ्या जिवावर फुकट जेवणारे आणखी आले.”

“आधी कोण कोण आहेत?”

“थोरला. त्याची बायको. तिचा भाऊ येऊन जाऊन असतो.”

“एवढी पंगत बसलीय, मग मीच एकटा उपाशी का?”

मी एक खडा उचलून फेकला. नेम चुकला. मी चुकवला म्हणून चुकला.

त्याचं लग्न झालं नव्हतं. का, ते मी विचारलं. आडपडदा मला जमत नाही.

“चहाला बोलवायचे लोक,” तो बांबू पुसत म्हणाला. “मग विचारायचे, काम काय करता? मी सांगितलं की समोरची माणसं हातातला कप खाली ठेवायची. असे बरेच कप थंड झाले. मग मी जाणंच सोडलं.”

दुसऱ्या दिवशी मी घरून थर्मास भरून नेला. कप त्याच्या हातात दिला, दुसरा माझ्यासाठी ओतला, आणि टाकीच्या कठड्यावर त्याच्या शेजारी बसले.

“संपवा,” मी म्हटलं. “माझ्यादेखत.”

त्यानं संपवला. मीही संपवला. वारा टाकीकडून आमच्याकडे होता, आणि स्टूल दुसरीकडेच राहिलं होतं.

कर्दळ लावायच्या दिवशी भुरभुर पाऊस होता. तो म्हणाला, पावसात रोपं चांगली धरतात. मी म्हटलं, पावसात म्हाताऱ्या बायका सर्दीनं मरतात. तो म्हणाला, इथे म्हातारं कोण आहे? मग मीही खाली उतरले. खडी बाजूला करायची, कंद ठेवायचा, पुन्हा खडी ओढायची. एका कंदावर आमचे दोघांचे हात एकदमच गेले. त्याच्या हाताला लिंबाच्या साबणाचा वास. दिवसभर गाळात हात घालणारा माणूस, आणि हाताला लिंबाचा वास... मी येण्याआधी तो हात घासून धुवायचा, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं हात मागे घेतला नाही. मी तरी कशाला घेऊ?

कर्दळीनं पान काढलं, मग आणखी एक. रोज संध्याकाळी तो वाफ्याच्या टोकाला काचेची बरणी धरायचा. वाफ्यातून झिरपलेलं पाणी बरणीत घ्यायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं.

“समोर उभ्या राहा,” तो मला म्हणायचा. “या पाण्यातून माणसाचा चेहरा दिसायला लागला की काम झालं.”

“काय दिसतंय?”

“ढग.”

मग काही दिवसांनी, “नाक दिसतंय. चढलेलं आहे.”

आणि एका संध्याकाळी तो काहीच बोलला नाही. बरणी तशीच धरून उभा. उन्हाचा पिवळा तुकडा पाण्यातून त्याच्या कपाळावर पडला होता.

“पाणी बघा,” मी म्हटलं.

“पाणीच बघतोय.”

“खोटं.”

“हो,” तो म्हणाला.

एवढंच. पण त्या रात्री जेवताना मी मीठ दोनदा घेतलं, आणि सून माझ्याकडे बघत राहिली.

गाव लहान, तोंडं मोठी. थोरल्याच्या कानावर गेलंच. तो माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला, आत न येता. लहानपणी काही फोडलं की असाच उभा राहायचा.

“आई, तू त्या गाळवाल्याबरोबर बसतेस.”

“स्टूल आपलंच आहे.”

“थट्टा नको. लोक काय म्हणतात माहीत आहे?”

“लोक सकाळी उठून जे सोडतात ते तो माणूस दिवसभर निस्तरतो. त्यांनी त्याच्यासमोर तोंड उघडताना जरा विचार करावा.”

“मला समितीत मान खाली घालावी लागते.”

“घाल. खाली बघितलंस तर गटारं तरी दिसतील.”

तो दार ओढून गेला. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच होतं, हा माणूस गावातून गेला पाहिजे. तो बोलला नाही, पण मी त्याला जन्म दिलाय. त्याच्या पाठीवरून मला कळतं.

मग बातमी आली की वरून साहेब वाफा बघायला येणार. आता आमच्या गावाची एक खोड आहे. पाहुणा येणार म्हटलं की घराचं काय झालं असेल ते असो, वास येता कामा नये. अध्यक्षांनी, म्हणजे माझ्या थोरल्यानं, घरोघरी निरोप पाठवला, साहेबांसमोर नाक कापलं जायला नको, मोऱ्या, संडास, गटारं लखलखीत करा. झालं. दुकानातलं फिनेल संपलं. ब्लीचिंग पावडर संपली. ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांनी ॲसिड ओतलं. अख्खं गाव दवाखान्यासारखं घमघमत होतं. मी त्या दिवशी बहिणीकडे होते. परत आले तर गल्लीत रिकाम्या बाटल्यांचा ढीग, आणि सगळ्या बायकांच्या तोंडावर कौतुकाची वाट बघणारं हसू.

साहेब आले तोवर वाफा कुजला होता.

कर्दळीची पानं कडेनं पिवळी, मध्ये काळी. पाणी राखाडी, आणि वास असा की जुन्या गटाराची आठवण गोड वाटावी. साहेबांनी रुमाल नाकाला लावला, गाडीतून उतरले तसे गाडीत चढले. थोरल्यानं त्याच जागी जाहीर केलं, उद्या शाळेत सभा, हा खड्डा बुजवायचा आणि कारागिराची रवानगी करायची.

दुपारी मी पट्टीवर गेले. तो अवजारं पोत्यात भरत होता.

“काय झालं वाफ्याला?”

“मजूर मेले.” त्यानं टाकीचं झाकण उचललं. “वास घ्या.”

मी वाकले. गाळाच्या वासाखाली दुसरा एक वास होता, ओळखीचा, आमच्या मोरीतला. फिनेल.

“सगळ्या घरांतून एकदम आलं,” तो म्हणाला. “जिवाणू हो, शेवटी जीवच. विष सोसवत नाही.”

“मग हे उद्या सभेत सांगा.”

“नाही.”

“का?”

“त्या बायांनी लाजेपोटी केलं. आता चारचौघांत उभं करून पुन्हा त्यांनाच लाजवू?” त्यानं पोत्याचं तोंड आवळलं. “आणि खरं सांगू का... तुमच्या मुलाला खड्ड्याचा वास खुपत नाही. माझा खुपतो. मी गेलो की तुमच्या घरात शांतता होईल. तुम्हाला माझ्यामुळे कोणी बोललेलं मला चालणार नाही. कारण मला तुम्ही...” 

“मी काय?”

तो पोत्याकडे बघत होता. “...तुम्ही फार आवडता. पहिल्या दिवशी काठी खाल्ली तेव्हापासून.”

आता खरं तर मी विरघळायला हवं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“वा. म्हणजे मला आवडून घ्यायचं, आणि मला न विचारता सोडूनही जायचं. माझा मुलगा मला न विचारता जमीन देतो, तुम्ही मला न विचारता माझ्यावर उपकार करता. तुमच्यात आणि त्याच्यात फरक काय?”

त्यानं आवळलेल्या पोत्याची गाठ पुन्हा आवळली.

“वाफा पुन्हा जिवंत होईल का, तेवढं सांगा.”

“होईल. चालू असलेल्या टाकीतला जिवंत गाळ आणून विरजणासारखा घालायचा. पुलापलीकडच्या गावात मी बांधलेली टाकी आहे. पण तो गाळ कोण आणणार? मी विचारून बघितलं. एकही गाडीवाला तयार नाही.”

“पोतं सोडा,” मी म्हटलं. “उद्या सभेला या. मागच्या रांगेत बसा आणि मी बोलत असताना मध्ये तोंड घालू नका.”

सकाळी मी हातगाडी काढली. तिच्यावर झाकणाचे दोन मोठे डबे ठेवले. आणि जाण्याआधी अंगावर माझे सगळ्यात चांगले कपडे घातले, लग्नाकार्याला घालते ते. सून म्हणाली, “अहो आई, कुठे निघालात नटून?” मी म्हटलं, “गाळ आणायला.” तिला वाटलं मी चिडून बोलतेय.

पुलापलीकडच्या राखणदारानं डबे भरून दिले. येताना मला मागची वाट होती, शेतांतली, जिथे कोणी बघितलं नसतं. मी मोठ्या रस्त्यानं आले. दुकानांसमोरून. डबे डचमळत होते, झाकणांच्या कडेनं काळं पाणी ओघळत होतं, आणि मी मान ताठ ठेवून गाडी ओढत होते. चहावाल्यानं विचारलं, “काकू, डब्यांत काय?” मी म्हटलं, “तुझंच असेल, ओळखतोस का बघ.”

शाळेच्या मोठ्या खोलीत सभा भरली होती. पुढे पुरुष, मागे बायका, सगळ्यांत मागे तो. मी गाडी दारात लावली. वास माझ्याआधी आत गेला. माना वळल्या.

“आई,” थोरला उभा राहिला, “हे काय आणलंस?”

“तुझ्या वाफ्याचं औषध. वाफा मेला कशानं ते आधी ऐक. फिनेलनं. घराघरातून आलेल्या फिनेलनं. या माणसाला कालपासून माहीत आहे. पण बायकांची लाज राखायची म्हणून तो स्वतः गाव सोडायला निघालाय. मला कोणाची लाज राखायची नाही. कारण लाजण्यासारखं यात काही नाही. स्वच्छता केली, जरा जास्त केली.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि मग माझी सून, जी जेवताना मीठसुद्धा हळू आवाजात मागते, ती उभी राहिली.

“मी ओतलं,” ती म्हणाली. “चांगलं बाटलीभर.”

“तू बस,” थोरला म्हणाला.

“का बसू? तुम्हीच तर म्हणालात ना, साहेबांसमोर नाक कापलं जायला नको.”

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी बाई उठली, “आमच्याकडून पावडर गेली.” तिसरी म्हणाली, “आम्हाला फिनेल मिळालं नाही, ॲसिड टाकलं.” मग सगळ्याच बोलायला लागल्या, कोणी किती ओतलं याची चढाओढच लागली. थोरल्याचा चेहरा कर्दळीच्या पानासारखा झाला, कडेनं पिवळा.

“ते असू दे,” तो म्हणाला. “तरी खड्डा बुजवायचा. ठरलंय.”

“बुजव. माझ्या जमिनीवर खड्डा नको तर पाणीही नको. उद्याच पट्टीच्या तोंडाशी भिंत घालते. मग हे सगळं पाणी उलटं चढून ज्याच्या त्याच्या दारात येईल. पहिलं दार आपलंच आहे, उतारावरचं.”

समितीतले सगळे एकदम थोरल्याकडे बघायला लागले. एक म्हातारे सभासद खाकरून म्हणाले, “वाफा राहू द्या हो अध्यक्ष. कशाला उगाच.” दुसऱ्यानं मान डोलावली. तिसऱ्यानंही. खड्ड्याचा निकाल लागला.

पण थोरल्याच्या पोटात होतं ते आता ओठांवर आलं.

“वाफा राहील. हा माणूस राहणार नाही. आई, मी सगळ्यांसमोर बोलणार नव्हतो... पण तू रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर बसतेस. गाव बोलतं.”

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. पण मागे वळले असते तर आयुष्यभर त्या मागच्या वाटेनंच चालावं लागलं असतं.

“गाव बोलतं,” मी म्हटलं, “कारण गावाला अर्धंच माहीत आहे. उरलेलं मी सांगते. मला हा माणूस आवडतो. म्हातारपणी कोणीतरी सोबतीला हवं, औषधपाणी बघायला हवं, तसा नाही. तो दिसला की काळीज उड्या मारतं, तसा. तुझ्या बापाबरोबर मी चांगला संसार केला, त्याच्यामागे पोटभर रडले. त्यात काही कमी ठेवलं नाही. आता माझं जे आयुष्य उरलंय ते कोणाला विचारून जगायचं, ते तू ठरवणार नाहीस. मी या माणसाशी लग्न करणार. त्यानं विचारलं तर ठीक. नाही विचारलं तर मी विचारीन.”

मागच्या रांगेतून आवाज आला. “विचारतो.”

“तुम्हाला मध्ये बोलू नका म्हटलं होतं.”

“तुमचं संपलं असं वाटलं.” तो उभा होता. कान लाल, हातात टोपीचा चोळामोळा. “मालकीणबाई... माझ्याशी लग्न कराल का?”

“करीन,” मी म्हटलं. “आता चला. डबे जड आहेत, आणि गाळ ताजा आहे तोवरच घालायला हवा.”

थोरला बाजूच्या दारानं निघून गेला. बाकीचे आमच्या मागे पट्टीवर आले, नाकं दाबून, पण आले. आम्ही दोघांनी डबे उपडे केले. काळा, दाट गाळ खडीत शिरत गेला. एक उडालेला शिंतोडा माझ्या चांगल्या कपड्यांवर पसरला, दुसरा त्याच्या मिशीवर. तो पुसायला गेला तर मी म्हटलं, राहू द्या, शोभतंय. सून पुढे आली आणि तिनं न सांगता रिकामे डबे गाडीवर ठेवले. हात भरले तिचे. तिनं ते बघितले, मग माझ्याकडे बघितलं आणि हसली. एवढ्या वर्षांत मला तिचे दात पहिल्यांदा दिसले.

घरी जाताना ती गाडी घेऊन पुढे गेली. आम्ही दोघं मागे, मोठ्या रस्त्यानं. एकेक खिडकी बंद होत होती. आमच्या वासानं असेल, नाहीतर आम्हाला बघून असेल. मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, “हात घाण आहे माझा.” मी म्हटलं, “माझाही आहे.” आणि आम्ही आणखी हळू चालायला लागलो, म्हणजे ज्यांना खिडक्या लावायच्या होत्या त्यांना निवांत लावता याव्यात.

थोरला दारात उभा होता. दोन्ही हात चौकटीला. मी पायरीशी थांबले. हातातला हात मी सोडला नाही, आणि गाळवाल्यानंही सोडायला बघितलं नाही.

थोरल्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. कपडे, मिशी, पायांवरचा काळा गाळ. मग त्याचं नाक नकळत आक्रसलं.

“आई,” तो म्हणाला, “आधी आंघोळ कर.”

“दोघांची करायची आहे.”

शेजारची खिडकी पुन्हा थोडी उघडली. मी वाट बघत उभी राहिले. मला घाई नव्हती, रात्र झाली असती तरी मी त्याच पायरीवर उभी राहिले असते.

शेवटी थोरल्यानं चौकटीवरचा एक हात काढला. मग दुसरा. आमच्याकडे न बघता तो आत वळला आणि बायकोला हाक मारली.

“अगं... पाणी जरा जास्त तापव.”